कुत्र्यांच्या दुखण्यांवर घरगुती उपाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याचं दुखणं हटकून रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी निघतं, आणि मग स्वयंपाकघरातल्या डब्यांपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे उपायांची शोधाशोध सुरू होते. त्या वेळी पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एक आधीच सांगून ठेवते: चांगल्या घरगुती उपायात औषध फार कमी असतं. स्वच्छता, पाणी, विश्रांती आणि बारीक लक्ष एवढ्यावर बरीचशी किरकोळ दुखणी दोन-तीन दिवसांत ओसरतात. किरकोळ दुखणं जिवावर बेततं ते बहुतेकदा आपण घाबरून काहीतरी पोटात घातल्यामुळे.

घरीच थांबून बघावं की लगेच डॉक्टरकडे न्यावं, हे कसं ठरवायचं?

आजाराच्या नावावरून ठरवू नका, कुत्र्याकडे बघून ठरवा. एकदा उलटी झाली, पण नंतर शेपटी हलवत दाराशी आला, पाणी प्यायला, तर काही तास वाट बघता येते. उलटी एकदाच झाली, पण कोपऱ्यात जाऊन पडलाय आणि हाक मारली तरी नुसते डोळे फिरवतोय, तर वाट बघायची नाही.

अंदाज घ्यायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे हिरड्या. वरचा ओठ बाजूने हलकेच उचला. सुळ्याच्या वरची हिरडी ओलसर आणि गुलाबी दिसली पाहिजे. ती बोटाने दाबा, पांढरी पडेल. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी पांढरट, निळसर, पिवळी किंवा गडद विटकरी दिसली, किंवा रंग परतायला वेळ लागला, तर प्रकरण घरचं राहिलेलं नाही. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तिथे डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघावा. हे सगळं आजारपणात पहिल्यांदा करायला जाऊ नका. कुत्रा ठणठणीत असताना अधूनमधून बघत जा, म्हणजे त्याचा नेहमीचा रंग तुमच्या नजरेत बसतो आणि त्यालाही तोंडाला हात लावून घ्यायची सवय होते.

दुसरी खूण श्वासाची. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजा. हा आकडा 30 च्या आत असायला हवा. रोज रोज त्यावर जात असेल, तर हृदय आणि फुफ्फुसं तपासून घ्यावीत, मग बाकी कुत्रा कितीही मजेत दिसो.

कुठलाही उपाय न करता थेट निघायचं ते केव्हा? श्वास घ्यायला त्रास होत असेल, पोट फुगून कोरडे उमाळे येत असतील, जोर करूनही लघवी होत नसेल, मागचे पाय अचानक ओढत चालत असेल, डोळ्याला इजा झाली असेल, रक्त थांबत नसेल किंवा विष पोटात गेल्याची शंका असेल तेव्हा.

नाक कोरडं आणि गरम लागतंय. ताप आला असेल का?

नाकावरून ताप कळत नाही. झोपून उठलेल्या किंवा उन्हात बसलेल्या निरोगी कुत्र्याचं नाकही कोरडं असतं. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस म्हणजे 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. त्यामुळे हाताला तो नेहमीच गरम लागतो.

खरा आकडा हवा असेल तर डिजिटल थर्मामीटर गुदद्वारातून लावावा लागतो. टोकाला थोडं व्हॅसलीन लावा, शेपटी वर धरा, एकाने पुढून डोकं धरून बोलत राहायचं आणि दुसऱ्याने थर्मामीटर दोनेक सेंटीमीटर आत सरकवायचा. कुत्र्यासाठी थर्मामीटर वेगळाच ठेवा, त्यावर खूण करा. 39.5 च्या पुढे आकडा गेला तर डॉक्टरांना फोन करा. 41 म्हणजे आणीबाणी.

तापासाठी किंवा पाय दुखतोय म्हणून आपली पॅरासिटामॉल अर्धी दिली तर चालेल का?

नाही. या सगळ्या पानातलं एकच उत्तर लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या. पॅरासिटामॉलने कुत्र्याच्या यकृताला इजा होते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. लहान चणीच्या कुत्र्याला यासाठी एखादी गोळीही पुरते. कधीतरी डॉक्टर यातलं एखादं औषध स्वतः मोजून देतात, ही गोष्ट वेगळी. त्यावरून "मागच्या वेळी दिलं होतं की" असं म्हणून घरी डोस काढू नये. लंगडत असेल तर त्याला एका खोलीत ठेवा, उड्या आणि जिने बंद करा आणि पंज्याच्या खाली बोटांच्या बेचक्यात काटा किंवा काच रुतली आहे का ते बघा. वेदनाशामक डॉक्टरांकडूनच घ्यायचं.

जुलाब होत आहेत. काय खायला द्यावं?

मोठा, एरवी निरोगी कुत्रा असेल आणि जुलाबाशिवाय दुसरं काही दिसत नसेल, तर एक वेळचं जेवण टाळून पोटाला 12 तासांपर्यंत आराम देता येतो. पाणी मात्र कायम समोर हवं. पिल्लाला उपाशी ठेवायचं नाही, कारण त्याच्या रक्तातली साखर पटकन उतरते. मधुमेह असलेल्या कुत्र्याच्या बाबतीतही हा प्रयोग नको.

त्यानंतर मऊ शिजवलेला पांढरा भात आणि कातडी व हाडं काढून नुसत्या पाण्यात उकडलेलं चिकन, दोनास एक या प्रमाणात. मीठ नाही, तेल नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही. दिवसाचं जेवण चार-पाच छोट्या वाटण्यांत विभागून द्या. शी घट्ट व्हायला लागली की नेहमीचं अन्न त्यात थोडं थोडं मिसळत तीन-चार दिवसांत मूळ पदार्थांवर या. या आहारात पोषण अपुरं असतं, म्हणून "त्याला आवडतंय" या कारणाने तो आठवडेच्या आठवडे चालवू नये.

उकडून कुस्करलेला साधा लाल भोपळाही चालतो. दही देण्याचा आग्रह बरेच जण करतात. काही कुत्र्यांना ते पचतं, पण पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि जुलाब वाढतात. दूध तर या काळात नकोच. जुलाब बंद करणाऱ्या माणसांच्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका. कोली आणि त्याच्या नात्यातल्या मेंढपाळ जातींत एक आनुवंशिक दोष सर्रास आढळतो. त्यामुळे लोपेरामाइडसारखी औषधं मेंदूपर्यंत पोहोचतात आणि कुत्रा गुंगून पडतो.

पाणी कमी पडतंय का हे बघायला खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचला आणि सोडा. ती झटकन जागेवर बसली पाहिजे. तशीच उभी राहिली, किंवा हिरड्या चिकट लागल्या, तर सलाइनची गरज आहे. म्हाताऱ्या आणि फार रोड कुत्र्यांची कातडी तशीही सैल असते, त्यांच्या बाबतीत हिरड्यांवर भिस्त ठेवा.

शीमध्ये रक्त, डांबरासारखी काळी शी, सोबत उलट्या, किंवा दोन दिवसांत फरक नसेल तर डॉक्टर. आणि लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या-जुलाब एकदम सुरू झाले तर तासभरही घालवू नका. तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार असू शकतो. पार्व्होवर भात-चिकन, ग्लुकोज, काढा यांतलं काहीही चालत नाही. पिल्लू वाचतं ते वेळेवर सलाइन आणि देखभाल मिळाल्यामुळे.

उलटी झाली तर?

काही तास अन्न बंद. पाणी एकदम वाडगाभर न देता दर थोड्या वेळाने दोन-चार घोट, किंवा चाटायला बर्फाचे बारीक तुकडे. पोटात राहिलं की वर सांगितलेला साधा आहार थोडा थोडा सुरू करा. सकाळी उठल्याउठल्या पिवळा फेस काढण्याची सवय असेल तर बहुधा पोट रात्रभर रिकामं राहतंय. झोपण्याआधी चार घास देऊन बघा.

एक गोष्ट मात्र ओळखता आलीच पाहिजे. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट वायूने फुगून स्वतःभोवती पीळ खातं. कुत्रा अस्वस्थ येरझाऱ्या घालतो, उलटीचे उमाळे काढतो पण लाळेशिवाय काही पडत नाही, पोट टणक होतं. ओवा, सोडा, पोट चोळणं यात वेळ गेला तर कुत्रा हातचा जातो. शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि तोही काही तासांच्या आत.

गवत खातो म्हणजे पोट बिघडलंय का?

बहुतेक वेळा नाही. कुत्रे गवत खातात. फक्त त्यावर कीटकनाशक मारलेलं नाही ना, एवढं बघा.

दोन दिवस शी झाली नाही. एरंडेल देऊ का?

एरंडेल नको, आणि माणसांचा फॉस्फेटचा एनिमा तर मुळीच नको; छोट्या कुत्र्याच्या रक्तातले क्षार त्याने धोकादायक पातळीपर्यंत बिघडतात. पाणी वाढवा, फिरणं वाढवा, जेवण ओलसर करा. उकडलेला भोपळा एक-दोन मोठे चमचे, किंवा इसबगोल लहान कुत्र्याला अर्धा चमचा आणि मोठ्याला एक-दोन चमचे, भरपूर पाण्यात भिजवून जेवणात मिसळा. कोरडा इसबगोल दिला तर उलट अडकतो.

हाडं चघळून झाल्यावर बद्धकोष्ठ झालं असेल तर आतड्यात चुरा साठून बसलेला असू शकतो. मग उपाय घरी करू नयेत. कुत्रा नेमका कशासाठी जोर करतोय हेही नीट बघा. पाठ वाकवून बसलेला नर शी होत नाही म्हणून कुंथतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात लघवी अडलेली असते.

गोचीड कशी काढायची? रॉकेल लावलं की सुटते म्हणतात.

रॉकेल, फिनाइल, टर्पेंटाइन, पेटती काडी यांतलं काहीही नको. कातडी भाजते, कुत्रा ते चाटतो, आणि डिवचलेली गोचीड आपली लाळ आणखी आत सोडते, जी रोगाची वाहक असते.

बारीक टोकाचा चिमटा घ्या. केस बाजूला सारून गोचीड कातडीला जिथे चिकटली आहे तिथेच, शक्य तितकं खाली, तिला पकडा. फुगलेल्या अंगाला धरू नका, ते फुटतं. मग न पिळता, न झटकता, सरळ वर एकसारखा ताण द्या. क्षणभर कातडीचा छोटा तंबू उभा राहतो आणि गोचीड सुटते. ती नखाने चिरडू नका. बाटलीत स्पिरिट घेऊन त्यात टाका. जागा साबणाने धुवा, हातही. तोंडाचा तुकडा आत राहिला तर उकरू नका, कातडी तो काही दिवसांत बाहेर ढकलते. शोधायच्या जागा: कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी, पापण्यांवर.

एकेक वेचून घर मोकळं होत नाही. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते. म्हणून अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटी बुजवा आणि डॉक्टरांना विचारून नियमित औषध सुरू करा. फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर या गटातल्या गोळ्या हल्ली सर्रास दिल्या जातात. फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या देण्याआधी ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध घरातल्या मांजराला लागलं तर मांजर दगावू शकतं, हे डब्यावर बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही.

गोचीड काढल्यानंतर दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. मरगळ, ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, गडद लघवी यांतलं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे गोचिडीचे आजार लवकर पकडले तर औषधांनी आटोक्यात येतात. पपईच्या पानांच्या रसाने "प्लेटलेट वाढतात" म्हणून दिवस काढणारे लोक याच आजारांत कुत्रा गमावतात.

पिसवांसाठी लिंबूपाणी किंवा कडुलिंबाचं तेल?

तात्पुरता वास जातो, पिसवा जात नाहीत. अंगावर दिसतात त्या मूठभर; बाकी अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात सतरंजी, गादी आणि फरशीच्या सांध्यांत असतात. कोष महिनोन्महिने टिकतात. म्हणून झाडलोट, व्हॅक्यूम आणि 60 अंशांच्या पाण्यात धुतलेलं अंथरूण हा खरा घरगुती उपाय, आणि तो घरातल्या प्रत्येक प्राण्याच्या औषधाबरोबर सलग तीन महिने तरी चालवावा लागतो. तीव्र कडुलिंबाचं तेल चाटलं की लाळ गळते, उलट्या होतात. टी ट्री तेल त्याहून वाईट; त्याने कुत्रे लडखडतात, थरथरतात.

सतत खाजवतोय, एका जागी लाल ओला चट्टा पडलाय. हळद लावू?

अशा चट्ट्यावर हळद आणि खोबरेल तेलाचा लेप थापलेला कुत्रा मी कितीदा तरी पाहिला आहे. वरून पिवळी खपली वाळलेली असते, केस त्यात चिकटलेले असतात आणि ती सोडवली की खाली पू. हळदीत दोष आहे असं नाही. हवा लागून जी जागा कोरडी पडायला हवी, ती लेपाखाली ओली राहते, हा घोळ.

त्याऐवजी चट्ट्याभोवतीचे केस बारीक करा, कात्रीने नको, ट्रिमरने. मिठाच्या पाण्याने धुवा: अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करायचं आणि त्यात एक सपाट छोटा चमचा मीठ. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ करून. टिपून कोरडं करा, दिवसातून दोन-तीनदा. आणि चाटू नये म्हणून गळ्यात कोन, म्हणजे तोंडाभोवतीची प्लास्टिकची नरसाळ्यासारखी कॉलर घाला. कोन घातला नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे. त्याचं केविलवाणं तोंड बघून कोन काढणाऱ्यांना माझी सहानुभूती आहे, पण रात्रभरात तो चट्टा तळहाताएवढा करतो.

अंगभर खाज असेल तर पिठासारखं बारीक दळलेलं साधं ओट कोमट पाण्यात मिसळून 10-15 मिनिटं अंघोळ घातल्याने आराम पडतो. माणसांचा शाम्पू नको. कुत्र्याच्या कातडीचा सामू वेगळा असतो आणि ती आपल्या शाम्पूने कोरडी पडते. झिंक ऑक्साइडचं मलमही नको, चाटल्यावर जस्ताची विषबाधा होते. खाज पुन्हा पुन्हा उठत असेल तर मूळ शोधावं लागतं: पिसवा, अॅलर्जी, बुरशी.

खरजेवर गाडीचं जळकं ऑइल लावतात, ते खरं आहे का?

लावतात हे खरं. बरं होतं हे खोटं. त्यात जड धातू आणि विषारी रसायनं असतात, कातडी जळते आणि कुत्रा ते चाटतो. खरजेच्या किडीवर आता सोपी, परिणामकारक औषधं आहेत. खरवडून नमुना तपासला की कुठली कीड ते कळतं, आणि ते कळणं महत्त्वाचं आहे: सारकोप्टिक खरूज दुसऱ्या कुत्र्यांना आणि आपल्यालाही खाज सुटवते, डेमोडेक्सची पसरत नाही.

कानाला वास येतोय, डोकं झटकतोय. तेल घालू?

कान उलगडून आधी वास घ्या आणि बघा. आंबूस वास आणि तपकिरी, तेलकट मळ असेल तर बहुधा बुरशी. पिवळा पू आणि घाण दर्प असेल तर जिवाणू. काळा, कोरडा, दाणेदार मळ आणि पिल्लू असेल तर माइट्स, म्हणजे कानातली बारीक कीड. तिन्हींची औषधं वेगळी, म्हणून मागच्या वेळचे उरलेले थेंब घालू नयेत. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. तेल, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड असं काहीही घातलं की ते त्या वळणात साचतं. पडदा फाटलेला असेल तर प्रकरण आणखी बिघडतं.

घरी करायचं ते इतकंच: कुत्र्यांसाठीचं कान धुण्याचं द्रावण भरून कानाचं मूळ बाहेरून अर्धा मिनिट चोळा, पचपच आवाज येईल, मग त्याला डोकं झटकू द्या आणि जेवढं वर आलं तेवढं कापसाने पुसा. काडीला कापूस लावून आत घालायचा नाही. हेही फक्त मळकट पण न दुखणाऱ्या कानासाठी. हात लावू देत नसेल, मान तिरकी धरत असेल, तर धुऊ नका, दाखवा. पोहून किंवा अंघोळीनंतर कान कोरडे केले तर लोंबत्या कानाच्या कुत्र्यांचा निम्मा त्रास वाचतो.

जखम झाली, त्यात किडे पडले आहेत.

साधी खरचट वरच्याच मिठाच्या पाण्याने धुवा, पुरेसं आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं म्हणून समाधान वाटतं, पण ते भरून येणाऱ्या पेशीही मारतं. नख तुटून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लॉवर लावून पाच मिनिटं न उघडता दाबून धरा.

दुसऱ्या कुत्र्याचा चावा मात्र दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. वर दोन भोकं, आत कातडी मांसापासून सुटलेली. तो डॉक्टरांना दाखवायचाच, आणि रेबीजच्या लसीचं काय हेही त्याच दिवशी विचारायचं. झटापट सोडवताना तुम्हाला दात लागला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि लस घ्या. त्यात घरगुती असं काही नाही. किडे पडले असतील तर टर्पेंटाइन ओतू नका. केस कापा, दिसतात ते चिमट्याने काढा, झाकून दवाखान्यात न्या. आत खोलवर किती आहेत ते वरून दिसत नाही.

चॉकलेट खाल्लं. मीठपाणी पाजून उलटी काढू का?

मीठपाण्याने नको. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात जातं आणि त्यानेच फिट येऊ शकते. बोटं घशात घालणंही नको. अॅसिड, फिनाइल, रॉकेल असं काही गेलं असेल तर उलटी काढणंच घातक, कारण येताना ते पुन्हा घसा जाळतं किंवा फुफ्फुसात शिरतं. वेष्टन हातात घ्या, किती आणि केव्हा खाल्लं ते डॉक्टरांना फोनवर सांगा. पहिल्या तास-दोन तासांत दवाखान्यात सुरक्षितपणे उलटी काढता येते.

चॉकलेटचा धोका त्यातल्या थिओब्रोमिनमुळे, आणि तो जितकं कडू तितका जास्त. डार्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ते साधारण 5 मिलिग्रॅम असतं, दुधाच्या चॉकलेटमध्ये 2. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याने 100 ग्रॅम डार्क चॉकलेट खाल्लं तर किलोमागे 50 मिलिग्रॅम झाले. एवढ्याने हृदयाचे ठोके बिघडतात. तेवढंच दुधाचं चॉकलेट खाल्लं तर बहुधा उलट्या आणि अस्वस्थपणावर निभावतं.

द्राक्षं आणि मनुका थोड्या खाल्ल्या तरी फोन करा. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं त्याने बंद पडतात आणि कुठल्या कुत्र्याची पडतील ते आधी सांगता येत नाही. कांदा-लसूण शिजवलेला असो की कच्चा, तांबड्या पेशी फोडतो आणि त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. साखरमुक्त च्युइंगम, काही पीनट बटर आणि टूथपेस्टमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो. त्याने अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते.

खोकतोय, घशात काही अडकल्यासारखं. मध चालेल?

मोठ्या कुत्र्याला चमचाभर चालतो. एक वर्षाखालच्या पिल्लाला आणि मधुमेह असलेल्याला नाही. कोरडा, ठसक्याचा, शेवटी उमाळा येणारा खोकला हा बहुधा केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला असतो. खाणं-खेळणं नीट असेल तर तो एक ते तीन आठवड्यांत जातो. तोवर गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस वापरा, घरात धूर नको, बाकी कुत्र्यांपासून लांब ठेवा. अंघोळीच्या खोलीत गरम पाणी सोडून वाफेत दहा मिनिटं बसवलं तर बरं वाटतं. चपट्या नाकाच्या जातींना हे करू नका, त्या गुदमरतात. माणसांचं कफ सिरप वर्ज्य. म्हाताऱ्या कुत्र्याचा रात्रीचा खोकला हृदयाचा असू शकतो.

ऊन लागलं तर?

आधी थंड करा, मग न्या. सावलीत घ्या, नळाचं पाणी अंगभर ओता, पोट आणि मांड्या भिजवा, पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. तापमान 39.5 वर आलं की पाणी थांबवा. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, पाजू नका. नंतर हुशार दिसला तरी तपासून घ्या. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया दोन-तीन दिवसांनीही ढासळू शकते.

फिट आली तर तोंडात काही घालायचं का?

काही नाही. जीभ गिळली जात नाही, तुमचं बोट मात्र तुटेल. घड्याळ लावा, आजूबाजूचं सामान हटवा, दिवे मंद करा, जमलं तर व्हिडिओ काढा. पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा एका दिवसात दुसरी आली, तर ताबडतोब दवाखाना.

बूड जमिनीला घासत चालतो. जंत झालेत का?

बहुधा गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरल्या असतात. त्या रिकाम्या करायला डॉक्टरांकडून शिकून घ्या. व्हिडिओ बघून दाबू नका. शेपटीखाली पांढरट, चपटे, हलणारे तुकडे दिसले तर तो पिसवांमधून येणारा टेपवर्म. लसणाने जंत जात नाहीत, रक्तक्षय मात्र होतो. गोळी स्वस्तात काम करते.

कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर खूप पाणी पिते, मलूल आहे.

नसबंदी न झालेल्या कुत्रीत माजानंतर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू साठू शकतो. स्राव दिसेलच असं नाही. यावर घरगुती उपाय नाही, आजच दाखवा.

घरात काय काय ठेवावं?

डिजिटल थर्मामीटर, बारीक चिमटा, गॉज आणि चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, मापाचा कोन, सुई नसलेली सिरिंज, इसबगोल, कान धुण्याचं द्रावण आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर. कुत्र्याचं ताजं वजनही लिहून ठेवा. फोनवर डॉक्टर पहिलं तेच विचारतात, आणि निम्म्या घरांत ते कुणालाच माहीत नसतं.

गोळी देतो, पण तो थुंकून टाकतो.

चिकनच्या तीन तुकड्या घ्या. पहिली रिकामी, दुसरीत गोळी, तिसरी त्याला दिसेल अशी लगेच पुढे धरा. तिसरीच्या घाईत तो दुसरी न चावता गिळतो. तरीही जमलं नाही तर वरचा जबडा सुळ्यांमागे धरून तोंड उघडा, गोळी जिभेच्या अगदी मागे ठेवा, तोंड मिटून घसा वरून खाली चोळा. नाक चाटलं की समजा गेली.